कुठवर चालू आहे?

वाईच्या मधल्या आळीतल्या त्या वाड्यात दोन चुली होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण दोन घरांत अबोला असा कधी आला नव्हता. पुढच्या सोप्यात थोरले अण्णा, मागच्या सोप्यात धाकटे नाना. विहीर एक, तुळशीवृंदावन एक, गणपती एकच बसायचा. 2020 च्या टाळेबंदीत इंटरनेट घ्यायची वेळ आली तेव्हाही कुणी फार विचार केला नाही. दोन कनेक्शनं कशाला, एकच घेऊ, बिल निम्मं निम्मं. खांबावरून आलेली फायबर पुढच्या ओसरीत उतरली, म्हणून राउटरही ओसरीतल्या कोनाड्यात बसला.

भिंती हातभर जाडीच्या. खाली दगड, वर माती. वाय-फायच्या लहरींना अशा भिंतीतून जाताना फार झिजावं लागतं. पाच गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण एका भिंतीतच दमते. 2.4 गिगाहर्ट्‌झची थोडी चिवट, ती चौक ओलांडून मागच्या सोप्यात पोचायची, पण क्षीण होऊन. नानांचा ओंकार साताऱ्याला इंजिनिअरिंगला होता. रात्री लेक्चर बघायला तो चौकातल्या पायरीवर येऊन बसे, तिथं रेंज बरी मिळे. थंडीच्या दिवसांतही शाल गुंडाळून बसलेला दिसायचा.

नवरात्रानंतर बिघाड सुरू झाला, आणि तो बिघाड विचित्र होता. नेट सगळ्यांचं जात नव्हतं. एकाच वेळी एकाचं चालायचं, दुसऱ्याचं बंद. मागच्या घरात तर मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसायच्या, खाली अक्षरं असायची: कनेक्टेड, नो इंटरनेट. कंपनीकडे तक्रार केली. एक मुलगा आला, त्यानं राउटर बंद करून चालू केला, ओसरीत उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला, सही घेऊन गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. बंद करून चालू केल्यानं बिघाड जातो तेव्हा तो बरा झालेला नसतो, नुसता नजरेआड गेलेला असतो. आपण सगळेच तेवढ्यावर समाधान मानतो, आणि त्यामुळेच तो परत येतो.

20 तारखेला बिघाडानं नेमकी वेळ गाठली. अण्णांची सून मेधा एका सीएकडे घरून काम करते. जीएसटीआर-3बी भरायची ती शेवटची तारीख. तिचा लॅपटॉप राउटरला थेट केबलनं जोडलेला, वाय-फायचा संबंधच नाही, तरी ऐन संध्याकाळी नेट गेलं. तिचा नवरा निखिल तापला. मागं कुणीतरी रात्रंदिवस सिनेमे उतरवत बसलंय, दुसरं काही नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. त्या रात्री त्यानं वाय-फायचा पासवर्ड बदलून टाकला आणि मागच्या घराला सांगितला नाही.

पुढं जे घडलं त्यानं आगीत तेल पडलं. पासवर्ड बदलूनही मागच्या घरातले मोबाइल वाय-फायला जोडलेलेच राहिले. निखिलनं ओंकारच्या हातातला फोन पाहिला, रेषा भरलेल्या. म्हणजे यानं नवा पासवर्ड चोरला! ओंकारला पासवर्ड बदलल्याचंच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही." निखिलला ते धडधडीत खोटं वाटलं. शब्दानं शब्द वाढला. नानांनी त्या महिन्याचं निम्मं बिल दिलं नाही. "नेट आम्हाला मिळतंय कुठं?" असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता, आणि एवढ्याशा भांडणानं या माणसाला इतकं का लागावं, हे त्यांच्या बायकोलाही कळलं नाही. दिवाळीत दोन्ही घरांचे फराळाचे डबे एकमेकांकडे गेले नाहीत.

भाऊबीजेला अक्का आली.

अक्का दोघांची थोरली बहीण, मुलांची आत्या. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं उभी नोकरी केली, त्यातला बराच काळ टेस्ट डेस्कवर. लोक 198 ला फोन करून तक्रार नोंदवायचे, ती तक्रार तिच्यासमोर यायची. गावभर पसरलेल्या तांब्याच्या तारांपैकी नेमकी एक जोडी पकडायची, खुर्चीवर बसूनच तिची तपासणी करायची, आणि लाइनमनला सांगायचं की खांबावर जा की घरात जा. एक्स्चेंजमधून प्रत्येक जोडीवर 48 व्होल्टचा दाब असे. तार तुटली असेल तर मोजमाप एक सांगे, दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर दुसरं, जमिनीला लागल्या असतील तर तिसरं.

ओवाळणी झाली. दोघा भावांनी ताटात पाकिटं ठेवली आणि दोघंही दोन दिशांना बघत बसले. अक्कानं विचारलं, काय झालंय? एकदम चार माणसं बोलू लागली.

"थांबा," अक्का म्हणाली. "कुणी केलं ते नंतर. कुठवर चालू आहे, ते आधी सांगा."

कुणालाच प्रश्न समजला नाही.

"डेस्कवर माणूस फोन करून सांगायचा, बाई, फोन मेला. मी म्हणायची, फोन मरत नाही. इथून तुमच्या घरापर्यंत दहा टप्पे आहेत. नऊ धडधाकट असतात, एक गेलेला असतो. एक्स्चेंजची फ्रेम, जमिनीखालची केबल, पेटी, खांबावरचा डीपी, मग घरातली तार, मग उपकरण. लाइनमन डीपीवर चढायचा, तिथं हातातला फोन लावायचा. टोन मिळाला की एक्स्चेंजकडचं सगळं निर्दोष सुटलं. नाही मिळाला की घरातल्यांना उगाच विचारायचं कारण नाही. मला या डब्यातलं काही कळत नाही. तर मला टप्पे सांगा. कोण सांगतं?"

निखिल आणि ओंकारनं एकमेकांकडे पाहिलं नाही, पण सांगायला दोघंही लागले. एकाला बाहेरचा भाग माहीत होता, दुसऱ्याला आतला. निखिलनंच कनेक्शन घेताना अर्ज भरला होता. तो म्हणाला, खांबावरून काचेची तार येते, केसासारखी. तिच्यातून उजेड येतो. वरून येणारा उजेड एका रंगाचा, आपण पाठवतो तो दुसऱ्या, म्हणून एकाच तारेतून दोन्ही बाजूंची ये-जा चालते. वाटेत एक तार फोडून पुष्कळ घरांना वाटलेली असते, बत्तीस किंवा चौसष्टसुद्धा. राउटर त्या उजेडाचे विजेचे संकेत करतो. मग कंपनीनं दिलेलं नाव आणि पासवर्ड सांगून आत शिरतो.

"हे इथवर नीट चाललंय हे कशावरून कळतं?"

"दिव्यांवरून. पीओएनचा दिवा स्थिर हिरवा म्हणजे उजेड येतोय. एलओएस लाल झाला म्हणजे काचेची तार कुठंतरी तुटली किंवा वाकली. इंटरनेटचा दिवा हिरवा म्हणजे कंपनीनं आत घेतलं."

"बिघाड होतो तेव्हा दिवे कसे असतात?"

निखिल गप्प झाला. एवढ्या दिवसांत ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. मेधा हळूच म्हणाली, "हिरवे असतात, आत्या. मी पाहिलेत. 20 तारखेलाही हिरवेच होते."

"मग बाहेरचा भाग सुटला," अक्का म्हणाली. "कंपनीला शिव्या देणं बंद. पुढं?"

पुढचं ओंकारनं सांगितलं. तो बोलायला लागला आणि नाना आपल्या मुलाकडे जरा नव्यानंच बघत राहिले.

त्यानं सांगितलं की प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाइलला नेटवर वावरण्यासाठी आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सगळ्या जगात मिळून 4 अब्ज 29 कोटींच्या आसपासच निघतात, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 ला वाटून संपला. म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राला जगाचा पत्ता मिळत नाही. 1994 मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. 192.168 नं सुरू होणारे त्यातलेच. ते वाईतही असतात, मुंबईतही आणि जपानमधल्या घरातही, कारण ते उंबऱ्याबाहेर जातच नाहीत. बाहेर दिसतो तो राउटरचा पत्ता.

"आपल्या वाड्यासारखं," अक्का म्हणाली. "पोस्टमनला वाड्याचा एकच नंबर ठाऊक. आतलं पत्र अण्णाचं की नानाचं, ते दिंडीदरवाजात घेणाऱ्यानं बघायचं."

"तसंच. कुणी काय मागवलंय त्याची नोंद राउटर ठेवतो, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो."

"आणि आतले पत्ते कोण वाटतं?"

"तेही राउटरच. मोबाइल वाय-फायला जोडला किंवा लॅपटॉपला केबल लावली की ते यंत्र पहिल्यांदा सगळ्यांना उद्देशून हाक मारतं, इथं पत्ते देणारं कुणी आहे का? त्याला अजून कुणाचंच नाव माहीत नसतं, म्हणून हाक सगळ्यांना. राउटर म्हणतो, आहे, हा पत्ता घे. यंत्र म्हणतं, बरं, तो मी घेतो. राउटर म्हणतो, दिला, अमुक इतका वेळ तुझा. बोलणं इतकंच. हे क्षणात होतं, आपल्याला कळतही नाही. पत्त्याबरोबर राउटर आणखी एक गोष्ट सांगतो, बाहेर जायचं असेल तर दरवाजा कुठला. त्याला गेटवे म्हणतात. आपल्या राउटरचा पत्ता 192.168.1.1, तोच दरवाजा."

अक्कानं थोडा वेळ विचार केला. मग तिनं जो प्रश्न विचारला तो चाळीस वर्षं तारा तपासलेल्या माणसालाच सुचेल.

"हाक सगळ्यांना, म्हणतोस. मग उत्तर दोघांनी दिलं तर?"

ओंकार म्हणाला, "जो आधी बोलेल त्याचं ऐकतं बहुतेक. पण दोघं कशाला असतील? आपल्याकडे राउटर एकच आहे."

"बरं," अक्का म्हणाली. तिनं वही मागवली. पानावर रेघा मारल्या: वेळ, कुणाचं यंत्र, कुठं बसून, वाय-फाय की केबल, पत्ता काय मिळाला, दरवाजा कुठला, नेट चालू की बंद. "मी चार दिवस आहे. दोन्ही घरांनी एकाच वहीत लिहायचं. चालू असलं तरी लिहायचं, बंद असलं तरी. कुणाबद्दल काय वाटतं ते त्यात लिहायचं नाही."

वही तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर राहिली. पहिल्या दिवशी पुढच्या घरातली माणसं मागचे लोक आत गेल्यावर येऊन लिहायची, मागचे पुढच्यांची पाठ फिरल्यावर. मेधा लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन आकडे बघायची, बाकीचे मोबाइलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये. काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, ते जमेना. तेव्हा मेधानंच मागच्या सोप्यात जाऊन दाखवलं. दिवाळी सुरू झाल्यापासून ती त्या उंबऱ्यातून पहिल्यांदाच आत गेली होती.

त्या एका प्रसंगात तिला एक गोष्ट कळली. मागच्या घरात खरंच नेट मिळत नव्हतं. काकूंच्या मोबाइलवर रेषा पूर्ण होत्या आणि पान मात्र उघडत नव्हतं. त्या रेषा फसवतात, कारण आपण त्यांना नेटच्या रेषा समजतो. त्या सांगतात एवढंच की मोबाइल आणि वाय-फायचा डबा यांच्यामधली हवेतली वाट चांगली आहे. डब्याच्या पलीकडे काय आहे, हे त्यांना माहीत नसतं. मेधाच्या मनात आणखी एक आलं, पण ती त्या वेळी बोलली नाही: हातभर जाडीच्या दोन भिंती ओलांडून इथं रेषा पूर्ण कशा?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कानं वही मांडीवर घेतली आणि सगळ्यांना चौकात बोलावलं. नोंदी एकाखाली एक वाचत गेली. पुढच्या घरातल्या बहुतेक नोंदींत पत्ता 192.168.1 नं सुरू होत होता, आणि तिथं शेवटच्या रकान्यात चालू असं होतं. मागच्या घरात बहुतेक ठिकाणी 192.168.0, आणि बंद. मागं क्वचित कुठं एक आला होता, तिथं चालू. पुढं दोनदा शून्य आला होता, त्यात एकदा मेधाच्या केबलवरच्या लॅपटॉपला. दोन्ही वेळा बंद.

"एक आला की चालतं, शून्य आला की बंद," अक्का म्हणाली. "घर पुढचं असो की मागचं. केबल असो की वाय-फाय. आणि हा कोण, 169.254?"

ती नोंद निखिलची होती. ओंकारनं उत्तर दिलं, आणि या वेळी थेट निखिलकडे बघून दिलं. "दादा, तू तेव्हा राउटर बंद करून चालू केला होतास ना? हाकेला कुणीच उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच स्वतःला तसला पत्ता देतं. तो दिसला की समजायचं, पत्ता देणाऱ्यापर्यंत आपण पोचलोच नाही. पण शून्य वेगळा. शून्य कुणीतरी दिलेला आहे."

आता सगळ्यांच्या लक्षात आलं. वाड्यात पत्ते वाटणारे दोघं होते. आणि ही गोष्ट एकट्या पुढच्या घराला कधी दिसली नसती, कारण त्यांच्याकडे शून्य इतका कमी आला होता की तो अपघात वाटला असता. एकट्या मागच्यांनाही दिसली नसती, त्यांच्याकडे एक जवळपास नव्हताच. दोन्हीकडचे आकडे एका पानावर आले तेव्हाच त्यातली रेघ उमटली. मला या साऱ्या प्रकरणात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. जिचा अर्धा भाग आपल्याकडे नाही ती गोष्ट आपण कितीही हुशार असलो तरी पुरती वाचू शकत नाही, आणि तो अर्धा भाग ज्याच्याकडे आहे त्याच्याशीच आपण बोलणं सोडलेलं असतं.

त्या वेळी मेधाच्या लॅपटॉपला नेमका शून्याचा पत्ता आला होता. अक्का म्हणाली, तो सोडू नको, हाताशी आलेला बिघाड जाऊ द्यायचा नसतो. ओंकारनं लॅपटॉपवर पिंग लावलं. पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला साद घालून प्रतिसाद किती वेळात येतो ते मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम, 1983 मध्ये अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी लिहिलेला, आणि आजही जगातला बहुतेक प्रत्येक तंत्रज्ञ पहिल्यांदा तोच वापरतो. ओंकारनं 192.168.0.1 ला साद घातली. उत्तरं येऊ लागली, दर सेकंदाला एक ओळ, एक मिलिसेकंदाच्याही आत. म्हणजे तो दुसरा वाटणारा लांब नव्हता. इथंच, वाड्यात, तारेला तार जोडलेला होता.

"राउटरला मागं किती तारा आहेत?"

चार. एक मेधाच्या लॅपटॉपची, ती काढायची नव्हती. निखिलनं टीव्हीची काढली. उत्तरं चालूच. कॅमेऱ्याच्या डब्याची काढली. चालूच. चौथी राखाडी रंगाची होती. ती कशाची, हे त्याला सांगता येईना, कॅमेऱ्याचीच दुसरी असेल असं त्यानं धरून ठेवलं होतं. ती काढली आणि पडद्यावरच्या ओळी थांबल्या.

राखाडी तार ओसरीच्या तुळईवरून, जुन्या टीव्ही केबलच्या जुडग्यातून, चौकाच्या कडेनं मागच्या बोळाकडे गेली होती. ओंकार शिडी घेऊन माळ्यावर चढला. जुन्या पितळी भांड्यांच्या मागं, प्लगात लावलेला, दोन शिंगांचा एक राउटर लुकलुकत होता.

सगळे नानांकडे बघू लागले, कारण बोळ त्यांच्या बाजूचा.

"तो मी बसवलाय," अण्णा म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. अण्णाच पुढं सांगू लागले, आणि त्यांना सांगायला फार कष्ट पडत होते. ओंकार थंडीत पायरीवर बसून शिकतो हे त्यांना रोज दिसायचं. एक जुना राउटर कपाटात पडून होता. नवरात्रात मागचं घर मांढरदेवीला गेलं, निखिल-मेधा तिच्या माहेरी होते. अण्णांनी ओळखीच्या वायरमनला बोलावून घेतलं. रेंज मागं पोचली पाहिजे, एवढंच सांगितलं. त्यानं तार ओढली, जुन्या राउटरला नव्याचंच नाव दिलं, पासवर्डही तोच, म्हणजे मोबाइल आपोआप जवळच्याला जोडले जातील. तेवढं त्यानं शहाणपणानं केलं. पण जुना राउटर अजून स्वतःला घराचा मालक समजत होता, पत्ते वाटायचं त्याचं काम वायरमननं बंद केलं नाही, आणि ओसरीतून आलेली तार बाहेरच्या तारेसाठी असलेल्या निळ्या भोकात न लावता घरातल्या यंत्रांसाठी असलेल्या पिवळ्या भोकात लावली.

"मग सांगितलं का नाही?" नानांचा आवाज फुटला.

"सांगायचं काय त्यात? उपकार केल्यासारखं दिसलं असतं. आणि नंतर तू बिल अडवलंस, तेव्हा वाटलं, एवढं करून दिलं तरी हे असंच म्हणतात. मग बोलावंसंच वाटेना. तो डबा बिघाड करत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

निखिल मान खाली घालून उभा होता. माळ्यावरच्या डब्यात अजून जुनाच पासवर्ड होता, म्हणून तर मागचे मोबाइल जोडलेले राहिले होते. ओंकार तेव्हा खरंच बोलला होता.

अक्कानं त्याला अपराध्यासारखं फार वेळ उभं राहू दिलं नाही. "वर जा, त्याला मदत कर. तो डबा काढायचा नाही. कामाचा आहे."

काम साधं होतं, आणि कुणाच्याही घरी करता येण्याजोगं. राखाडी तार पुन्हा लावली. शून्याचा पत्ता लॅपटॉपकडे होताच, त्यावरून ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाकून जुन्या राउटरचं पान उघडलं. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं खातं, बंद केलं. त्याला स्वतःला 192.168.1.2 हा पत्ता दिला. ओसरीतला राउटर 10 च्या पुढचेच पत्ते वाटत होता, त्यामुळे 2 कुणाच्या अंगावर जाणार नव्हता. आता माळ्यावरचा डबा नुसता हवेतलं बोलणं तारेत उतरवून पुढं पोचवणार, पत्ते देणार एकटा ओसरीतला. तार निळ्या भोकात लावली असती तरी नेट चाललं असतं, पण मग मागच्या घराचं वेगळं जाळं झालं असतं, आणि मागच्या मोबाइलवरून पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र सहजी दिसलं नसतं. दोन्ही सोपे एकाच जाळ्यात राहावेत, असं ओंकार म्हणाला. निखिलनं लगेच हो म्हटलं.

सगळ्यांनी वाय-फाय एकदा बंद करून चालू केलं, म्हणजे प्रत्येक यंत्रानं नव्यानं हाक मारली. काकूंनी आपला मोबाइल स्वतः उघडून आकडे वाचले: 192.168.1.23. पान उघडलं.

"पासवर्ड?" ओंकारनं विचारलं.

"नवा लावतो दोन्हीकडे," निखिल म्हणाला. "तू सांग कोणता ठेवायचा." मग थोडं थांबून, "मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं."

नानांनी आत जाऊन बिलाचे पैसे आणले. अण्णांनी ते घेतले. नको, राहू दे, असं ते म्हणाले नाहीत, आणि ते बरंच झालं, कारण निम्मं निम्मं हे दोघांनी मिळून ठरवलेलं होतं.

जाण्यापूर्वी अक्कानं मुलांकडून दोन चिठ्ठ्या लिहवून घेतल्या. ओसरीतल्या राउटरवर चिकटवली: पत्ते हाच देतो. माळ्यावरच्यावर: फक्त रेंजसाठी, अमुक तारखेला बसवला, पत्ता 192.168.1.2. चारही तारांना चिकटपट्टी लावून कुठली कुठं जाते ते लिहिलं. एक्स्चेंजच्या फ्रेमवर प्रत्येक जोडीला अशीच खूण असायची, ती म्हणाली. खूण न करता तार ओढणाऱ्याला तिथं कुणी क्षमा करत नसे, मग हेतू कितीही चांगला असो. हे बोलताना तिनं अण्णांकडे पाहिलं, आणि अण्णांनी मान डोलावली.

मार्गशीर्षात आळीच्या तोंडाशी गटाराचं काम निघालं. एका सकाळी नेट गेलं. नाना चौकात आले आणि तिथूनच हाक दिली, "अण्णा, तुमच्याकडे कुठवर चालू आहे?"

"पत्ता एकचाच आलाय. दरवाजापर्यंत पिंग जातंय. पण एलओएस लाल आहे."

"मग बाहेरचंच. मी करतो फोन."

नानांनी कंपनीला सांगितलं की घरातलं सगळं ठीक आहे, काचेची तार गेलेली दिसते, आळीच्या तोंडाशी खणलंय, तिथं आधी बघा. मुलगा तार जोडायचं यंत्र बरोबर घेऊनच आला, वाड्यात न शिरता थेट खड्ड्याजवळ गेला, आणि मेधाची दहाची मीटिंग चुकली नाही.